दुनजरवार

झिरो माइलच्या खांबाशी सिग्नल लागला
की मी दगडावरची गावं वाचतो.
हैदराबाद आहे, जबलपूर आहे.
शारजा नाही.
तरी तिथला हुकूम माझ्या रेक्झिनच्या बॅगेत आहे
हिरव्या दोरीनं बांधलेला,
आणि मला तो हुडकेश्वरला न्यायचाय
बाराच्या आत.
मे महिन्यात बारानंतर या शहरात
जप्तीला पंच मिळत नाहीत.

कायद्यात तशी सोय आहे:
काही परक्या मुलखांतल्या कोर्टांचा निकाल
इथं आपल्याच पोटचा समजायचा.
दत्तक घेतल्यासारखा.
दरखास्तीला नंबर पडला, वॉरंट निघालं,
वॉरंटवर माझं नाव.

चौतीस वर्षं बेलिफ आहे.
काय उचलायचं नसतं ते तोंडपाठ:
स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, अंगावरचे कपडे,
मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं.
उरेल त्याला मालमत्ता म्हणतात.

कागद मुळात अरबी.
त्याचं इंग्रजी तिकडेच कोणी केलं,
इंग्रजीचं मराठी आमच्या वाघाडे मॅडमनी.
प्रत्येक पानाला शिक्का, शिक्क्याखाली सही,
ती सही खरी आहे म्हणणारी आणखी एक सही.
एवढ्या प्रवासात रक्कम जशीच्या तशी राहिली,
बेचाळीस हजार दिरहम, वर खर्च.
नाव तेवढं झिजलं.
डोंगरवार गेला होता,
दुनजरवार होऊन आला.

मागणारी: रोझलिंडा बकाय.
राहणार शारजा. धंदा: घरकाम.
घरकामातून बेचाळीस हजार
किती वर्षांत साठतात, मी हिशोब सुरू केला होता,
मानेवाडा चौकात सोडून दिला.

तो पाठमोरा होता,
कूलरच्या पोटात कोपरापर्यंत हात,
अंगभर खसच्या काड्या.
मी वाचून दाखवलं, उभ्यानंच, नियमाप्रमाणे.
त्यानं हात पुसले. जरा जास्तच वेळ.
"दुनजरवार? असा कोनी नाई रायत बा इथं.
पाटी वाचा न तुमी."

पाटी वाचली. डोंगरवार रेफ्रिजरेशन.
बरोबर होतं त्याचं.

अशा वेळी शेरा मारायचा असतो:
सदर नावाचा इसम दिल्या पत्त्यावर आढळून आला नाही.
आणि परत फिरायचं.
हे वाक्य मी खूपदा लिहिलंय,
काही वेळा खोटंही,
एकदा तर नुसत्या चहावर.
मग कागद वकिलाकडे, वकील मॅडमकडे,
मॅडम पुन्हा समुद्रापार,
एका अक्षरासाठी दोन वर्षं.

पंच सावलीला सरकले.
मी गुडघ्यावर बॅग ठेवून लिहायला घेतलं.
"सदर" लिहिलं.

तो आत गेला नाही.
कूलरकडेच तोंड करून,
जसं काही मोटरला विचारतोय,
"तिचा पोरगा नर्सिंगला लागला का जी?"

पंचांनी माझ्याकडे पाहिलं.
मी कागद चाळले, उगाच.
पोराचा उल्लेख अरबीत नव्हता, इंग्रजीत नव्हता,
वाघाडे मॅडमच्या गोल अक्षरातही नव्हता.

आतून कोणीतरी तांब्या-भांडं आणून ठेवलं.
भांडी जप्तीत येत नाहीत.
पाणी प्यालो.
"सदर" खोडलं, शेजारी बारीक सही केली,
त्याचंच स्टूल ओढून बसलो.

"नाव सांगा," म्हटलं,
"तुमच्या तोंडानं.
सावकाश."