आठाचा साचा

खात्याने दिलं ते एवढंच:
पांढऱ्याचे दोन डबे, काळ्याचा एक,
दोन ब्रश, घासपत्री,
आणि शून्यापासून नवापर्यंत पत्र्याचे दहा साचे
तारेत ओवलेले, किल्ल्यांच्या जुडग्यासारखे.
उत्तनच्या फाट्यापासून मनोरीच्या धक्क्यापर्यंत
कडेचे सगळे दगड.
रोज ठरलेला, जेवण आपलं आपण.

रस्ता कसला, दोन बांधांमधली डांबराची पट्टी.
समोरून बस आली की टेम्पोने मुळ्यात उतरायचं.
एका अंगाला वांगी, पालक, चवळीचे मांडव,
दुसऱ्या अंगाला ताडाची झाडं, कठड्याविना विहिरी,
आणि प्रत्येक पाड्याच्या तोंडाशी एक क्रूस,
कालच्या झेंडूचा हार घातलेला.

हे सगळं मुंबईतच.
मतदारयादीत मुंबई, विजेच्या बिलावर मुंबई.
तरी दगडावर लिहायचं, मुंबई किती लांब.
आणि गंमत बघा,
मुंबईच्या दिशेने, दक्षिणेला, चालत जावं
तसा आकडा वाढतो.
पंचावन्न. छप्पन्न. सत्तावन्न.
खाडीपलीकडे टॉवरचे दिवे मोजता येतात इतके जवळ
आणि रस्ता मात्र भाईंदरला वळसा घालून येतो.
मुकादम घरतांना विचारलं, हे कसं?
ते म्हणाले, दगडाला विचार.

कुलवेमला चिंचेखाली जेवलो, जरा आडवा झालो.
उठलो तर तार सैल,
साचे नऊ.
सगळे होते. आठ नव्हता.

पुढचाच दगड अठ्ठावन्नचा,
आणि त्याच्यावर एस्पेरांस बाय बसलेली,
पायाशी मुळ्याच्या जुड्या ओल्या फडक्यात.
म्हटलं, उठा, रंगवायचंय.
म्हणाली, बस आल्यावर.
इथे थांबा नाही, पाटी नाही,
बस थांबते ती ही बाई दगडावर बसलेली असते म्हणून.
चाळीस वर्षं.
शेवटी पांढऱ्याचा रिकामा डबा पालथा घालून दिला.
त्याच्यावर बसली आणि
माझं काम बघत राहिली, मास्तरणीसारखी.

दगड घासला. खालून जुना पांढरा निघाला,
त्याच्याखाली त्याहून जुना,
त्याच्याही खाली मैलाचा कुठलातरी आकडा, अर्धा बुजलेला.
नवा हात दिला. वाळू दिला.
‘मुंबई’ लिहिलं. पाच उमटवला.
पुढे थांबलो.
आठ हाताने काढता आला असता,
पण माझं अक्षर वाईट, आणि बाय बघत होती.

‘पाचच?’ म्हणाली.
साचा हरवला, म्हटलं.
‘ऱ्हाऊ दे.
माझी आय होडीनं पलीकडं जायची,
जुड्या विकून दुपारच्या आत चुलीशी.
तेव्हा पाचच होतं. नायतर कमीच.’
मग बस आली. ड्रायव्हरने डब्याकडे पाहिलं,
दगडाकडे पाहिलं, काही बोलला नाही.
ती मुळा घेऊन चढली
आणि भाईंदरकडे गेली, उलट्या दिशेने, मुंबईला.

खात्याला फोटो लागतो.
मी दगडाशेजारी उभा राहिलो,
पाचाच्या पुढे गुडघा येईल असा.

रविवारी बीचवर जाणाऱ्या गाड्या तिथे कचकन थांबतात म्हणे.
काच खाली येते.
मोबाइल सांगतो अठ्ठावन्न, दगड सांगतो पाच.
शेतातून कुणीतरी ओरडून सांगतं,
दोन्ही बरोबर, पुढे जा, मुळ्यावर गाडी घालू नका.

परतताना दिसला मला आठ.
वांग्याच्या वाफ्यात, बुजगावण्याच्या हाताला सुतळीने बांधलेला,
पाखरं हाकायला.
वाऱ्यावर गरगर फिरत होता,
क्षणभर नुसती पत्र्याची धार,
क्षणभर ऊन थेट डोळ्यात.
आणि मध्येच सरळ झाला की
त्याच्या भोकातून
बरोब्बर आठाएवढं आभाळ.

बांधावर उभा राहिलो थोडा वेळ.
दोन पावलांवर होता.
तारेत नऊ वाजवत धक्क्याकडे निघालो.
पुढचा दगड एकोणसाठ.
त्याला आठ लागत नाही.