जरासं

रुवीतल्या क्लिनिकमध्ये नव्या डॉक्टरीणबाई विचारतात,
"लहानपणी कधी डोक्याला लागलं होतं?"
मी म्हणते, नाही.
संध्याकाळी फोनवर आई, चिपळूणहून,
कुकरच्या शिट्या मोजता मोजता :
"तसं काही नाही गं. एकदा जरासं."

जरासं म्हणजे
आठव्या वर्षी, शुक्रवारी,
बिल्डिंगमागच्या वादीत
(पाऊस आला तर नदी, एरवी पार्किंग)
खल्फानच्या सायकलच्या कॅरियरवर मी उभी,
आणि मग गोटे.
उलटी, विम्टोच्या रंगाची.
फिल्म स्वच्छ.
रात्रभर झोपू देऊ नका, एवढंच सांगितलं.
बाबा रिगवर. आई पहाटेच्या अजानपर्यंत
माझ्याकडून पाढे म्हणवून घेत राहिली.
सतरापर्यंत मी न चुकता म्हटले म्हणे.
त्या तारखेला कॅलेंडरवर
फक्त गॅसवाल्याचा हिशेब आहे.

आता मी चोवीस.
क्लिअरिंग एजंटकडे कंटेनरचे नंबर उतरवते,
चार अक्षरं, सात आकडे.
पडद्यावरून कागदावर येईपर्यंत
मधले दोन कुठेतरी उतरून जातात.
दुपारी चारनंतर ट्यूबलाइट मला ऐकू येते.
गॉगल लावते. मारिसेलला वाटतं, शौक.
साहेबांना वाटतं, रात्रीची जागरणं.
स्थळ घेऊन आलेल्या सोहारच्या काकू म्हणाल्या,
मुलगी छान, पण ऐकता ऐकता लांब जाते.

शब्द सापडत नाही तेव्हा
मी त्याच्याभोवती फिरत राहते :
ते, भोकांचं, तांदूळ धुवून निथळत ठेवायचं...
रोळी आठवेपर्यंत भात झालेला असतो.
रागाचं तसं नाही.
तो न शोधता सापडतो,
आणि मग रूममेटची बशी.

खल्फानचं हमरियाला टायरचं दुकान आहे.
त्याला सगळं आठवतं.
"तू उठलीस आणि विचारलंस, सायकलला काही झालं का?
मी म्हटलं, नाही.
तू पुन्हा विचारलंस. पुन्हा.
सात-आठ वेळा, तेच.
आम्ही किती हसलो."
बोलता बोलता तो
टायरवर हात ठेवून थांबला.

मी आईला परत फोन केला.
"त्या रात्री तू एकटीच होतीस ना?
घाबरली होतीस?"
पलीकडे शिटी झाली.
"जरासं," आई म्हणाली.
मग ही कितवी,
ते तिलाही सांगता येईना.