डावा कान

पायाखालची जमीन सरकली, असं आपण सहज म्हणतो.
बाबांची खरोखर सरकते, महिन्यातून दोनदा तरी.
चाळीस वर्षं ब्रेस्टच्या बंदरात
परक्या जहाजांना वाट दाखवत आणणारा गुलवेन,
वादळात दोरशिडीला लटकणारा,
आता ल काँकेच्या घरी फ्रिजचा दांडा धरून उभा राहतो
आणि फोनवर सांगतो:
एनोरा, घर डावीकडे कलतंय.

मी दूर दक्षिणेला, मोंपेलिएत,
उंदराच्या कानातली एक पेशी
काचेच्या सुईच्या टोकाला धरून बसलेली.
विजेचा बारीक चिमटा काढला की ती बोलते.
स्पीकरवर ऐकू येतं,
तापल्या कढईत लाह्या फुटाव्यात तसं: तड्, तड्तड्, तड्.
जिवंत डोक्यात तर चिमटाही लागत नाही.
तुम्ही खुर्चीत नुसते बसलेले असता, बाबा,
तरी दोन्ही कान अखंड सांगत असतात,
उजवा म्हणतो आहे, डावा म्हणतो आहे,
दोघांचं माप सारखं भरलं
की मेंदू म्हणतो, बरं, आपण स्थिर.
तुमचा डावा कधी बोंबलतो, कधी मिठाची गुळणी धरतो.
न जुळलेल्या हिशेबालाच
मेंदू गरगरणं म्हणतो.

हिस्टामिन म्हणजे कोण गं? त्यांनी एकदा विचारलं.
गांधीलमाशी डसल्यावर सुजवतं ते.
मे महिन्यात तुमचं नाक गाळतं ते.
पोटात आम्ल सोडतं, पहाटे जाग आणतं, तेच.
एकट्यानं एवढी कामं?
किल्ली एक, बाबा, कुलपं चार.
पहिलं बोटीवरच्या गोळीनं बंद होतं,
उलटी थांबते, पण जागही बाहेर राहते, माणूस पेंगतो.
तिसऱ्याशी तुमची सकाळ-संध्याकाळची पांढरी गोळी झगडते,
जिंकते की नाही, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही.
चौथं सापडलं सगळ्यांत उशिरा.
त्याच्या दाराशी मी बसलेय.

एक थेंब सोडला.
लाह्या विरळ झाल्या. मग एखादीच.
थेंब धुऊन टाकला, पुन्हा तडतड.
शेजारच्या टेबलावरच्या बास्तियँनं टाळी वाजवली.
मला मात्र तो फ्रिजचा दांडा दिसला.

ईस्टरला घरी गेले तर बाबा जमिनीवर, पाठ भिंतीला.
डोळे ओळ वाचावी तसे सरकायचे,
झटक्यानं मागे यायचे, पुन्हा तीच ओळ.
म्हणाले, आण तुझा तो थेंब.
तो अजून उंदरांपुरताच आहे, बाबा.
मग उंदीर समज.

डॉक्टरांनी गुंगीच्या गोळ्या दिल्या, तीनच दिवसांच्या, बजावून.
गप्प केलेला कान दुखवत नाही, पण शिकवतही नाही.
मेंदूला नवा हिशेब मांडायचा असतो
आणि झोपलेल्या विद्यार्थ्याला पाढे येत नाहीत.
आयुष्यभर मी त्या कानाला गप्प करायला शिकतेय
आणि चौथ्या दिवशी मीच
गोळ्यांचं पाकीट सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवलं,
जिथं स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही.
त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत.
रात्री बादली वाजली. दोनदा.

सकाळी धक्क्यावर गेलो.
एक पाऊल, मान उजवीकडे. एक पाऊल, मान डावीकडे.
ओहोटी होती, चिखलात होड्या कुशीवर पडलेल्या,
म्हणाले, बघ, माझ्यासारख्याच.
मी हात पुढे केला, त्यांनी झटकला.
वाटाड्या जहाजाला हात लावत नाही, मुली.
नुसते अंश सांगतो.

कुठल्या बाजूनं चालायचं तेच मला कळेना.
पडले तर डावीकडे पडतील, तिकडं कठडा नाही.
ऐकू येतं ते उजवीकडून.
शेवटी डावीकडेच गेले, पाण्याच्या बाजूला,
आणि वाऱ्यावर ओरडत राहिले:
पाच अंश उजवीकडे.
पाच!
काय?
पाच, बाबा, पाच!