निव्वळ वजन

खाण बंद झाली तेव्हा मी काट्यावर होते.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा, थांबायचा.
भरलेला किती, रिकामा किती,
वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची.
अकरा वर्षं.
शेवटच्या दिवशी साहेबांनी खुर्च्या मोजून घेतल्या,
चिठ्ठ्यांची पुस्तकं कुणी मागितली नाहीत.
मी नऊ घरी आणली.

मग हे चारपानी सुरू केलं.
कशाला, ते नीट सांगता येत नाही.
पिळगावात मिरचीची रोपं कुणाकडे,
सारमानसची शेवटची बोट किती वाजता,
आणि मधल्या दोन पानांवर माझं काहीबाही,
झरीवर कपडे धुताना बायका एकमेकींना
काय सांगत नाहीत, तसलं.

डिचोलीचा रोहिदास झेरॉक्सचे पाच लावायचा,
मी दहाला विकायचे,
बुधवारच्या बाजारात, कांद्याच्या गोणींशेजारी.
पहिल्या दिवशी चाळीस नेल्या. सात गेल्या.
त्यातल्या तीन मावशीने घेतल्या,
एक कुणीतरी सुके बांगडे बांधायला मागितली.
आधी नाही म्हटलं, मग दिली.
दहा रुपये ते दहा रुपयेच.

पाच महिने असेच.
जेवताना नवरा विचारायचा, किती?
मी म्हणायचे, बरे.
बरे म्हणजे नऊ.

काट्यावर निदान ड्रायव्हर भांडायचे,
दोनशे किलो कमी दाखवलेत म्हणून.
इथे मी बापाच्या मरणावर दोन पानं लिहिली
आणि पुढच्या बुधवारी लोकांनी भाव विचारला,
कांद्यांचा.

सहाव्या अंकात चूक झाली.
शेवटची बोट साडेनऊची,
मी साडेदहा छापली.

सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला तेव्हा
पुरसो माजिक दारात उभा,
डोळे लाल, खांद्याला पखवाज.
"बाये, तुजें वाचून हांव रातभर धक्क्यार बसलों.
जळारांनी खालो म्हाका!"
मी माफी मागायला तोंड उघडलं
आणि बाहेर पडलं,
तू वाचतोस?
"वाचतां म्हणून तर बसलों मगे!"

दुपारपर्यंत आणखी सहा जण.
लिबेराताला मराठी वाचता येत नाही,
शेजारीण वाचून दाखवते,
तीसुद्धा येऊन ओरडून गेली.
केणी मास्तरांनी शुद्धलेखनाच्या चुकाही आणल्या,
पहिल्यापासूनचे सगळे अंक, घडीसुद्धा न मोडलेले,
लाल पेनने गोल गोल.

रात्री मी वहीत सगळ्यांची नावं लिहिली,
शिव्यांच्या क्रमाने.

पुरसोने जाताना वर्षाचे शंभर ठेवले होते.
"फुडल्या फावटी बोवाळ घालपाक हक्क जाय."
वर पावती मागितली.
माझ्याकडे पावत्या कुठल्या?
काट्याची चिठ्ठी फाडली.
भरलेलं वजन: कोरं.
रिकामं वजन: कोरं.
निव्वळ: शंभर.

आता एकशे बारा आहेत.
कुणी वर्गणीत सोलं देतं, कुणी नारळ.
मास्तर चुका देतात, वर्गणी वेगळी देतात.
चिठ्ठ्यांचं चौथं पुस्तक चालू आहे.

मध्यंतरी कळंगुटहून एक गृहस्थ आले,
बंगल्यांच्या जाहिरातीला मधली दोन पानं हवीत,
महिना आठ हजार.
मी दोन दिवस मागून घेतले.
नवऱ्याने विजेचं बिल टेबलावर ठेवलं,
बोलला काही नाही.
शेवटी मागचं पान दिलं, तीन हजारांना.
मिरचीची रोपं पहिल्या पानावर कोंबली.
पुरसो म्हणतो, मागचं पान आता गुळगुळीत दिसतं.
दिसतं.

बोटीची वेळ मी हल्ली धक्क्यावर जाऊन
स्वतः बघून येते.
गेल्या महिन्यात सगळं फार शांत होतं,
वाटलं, एखादा आकडा मुद्दाम चुकवावा.
नाही चुकवला.
तरी केणी मास्तर आलेच.