पहाटे तीनचा कण

झेशुफच्या इस्पितळाच्या गच्चीवर
एक डबा आहे, चोवीस तास श्वास घेणारा.
आत चिकट फीत सरकते, तासाला दोन मिलिमीटर,
आणि हवेत जे असेल ते
गुळाला मुंगळा डसावा तसं तिला धरतं.

हाल्श्का दर सोमवारी शिडी चढते.
फितीचे तुकडे करते, दिवसाला एक,
त्यावर गुलाबी रंगाचा थेंब, वर काच.
मग मोजत बसते.
काजळीचे ठिपके. बुरशी. गवताचे उरलेसुरले कण.
बर्चचा मोसम तर केव्हाच सरला.
आणि मग तो: गोल, अंगभर आखूड काटे,
धोतऱ्याच्या बोंडाचं जणू
नजरेला न दिसणारं पिल्लू.

नाव अंब्रोसिया. म्हणजे देवांचं अमृत.
ज्यानं हे बारसं केलं
त्याला बहुधा कधी शिंक आली नसावी.

फितीवर वेळ वाचता येते.
हे रोप उधळतं सकाळी, ऊन चढताना,
आणि हे चाळीस जण
येऊन बसलेत पहाटे तीनला.
तीनला इथलं एकही रोप जागं नसतं.
जागे असतात फक्त तिसऱ्या मजल्यावरचे,
उशीला टेकून बसलेले, तोंडाशी पंप धरून.

ती नकाशावर वारा उलटा चालवते.
तीन, दोन, मध्यरात्र,
उसवलेल्या शिवणीतून दोरा ओढावा तशी:
दुक्लाची खिंड, जिथं आजोबांच्या वेळी
रणगाडे जळाले होते,
स्लोव्हाकियाचे डोंगर, दिवे मालवलेले,
आणि पलीकडे हंगेरीचं ताटासारखं मैदान,
दुपारचे दोन,
तापलेल्या जमिनीनं अलगद वर उचललेलं
सगळं.

दोरा संपला तिथं ती सप्टेंबरात जाऊन आली.
एटेल्काच्या सूर्यफुलांत ते छातीएवढं माजलेलं,
पाला गाजरासारखा, साळसूद.
“दोघं एकाच कुळातले,” एटेल्का म्हणाली,
“ह्याच्यावर औषध मारावं तर ते मरतं.”
तिचेही डोळे तांबडे होते.
हाल्श्काच्या ओठावर आलं होतं:
तुमच्या रानानं आमची झोप नेली.
पण एटेल्का तोवर चवाळ्यावर वाळलेलं बी
पिशवीत भरत होती.
“घेऊन जा. थंडीत पाखरांना घाल.”

थंडी पडली. बर्फही पडला.
बाबांनी कुंपणाला टांगलेल्या पेटीवर
रोज सकाळी भांडणं, निळ्या टोपीची,
काळ्या टोपीची, एवढी एवढीशी पाखरं.
झेनोब आजोबा म्हणतात त्यांना सगळी गल्ली.
फुप्फुसं त्यांची भात्यासारखी, जुन्या,
पण पाखरं आली की खोकला विसरायचे.

पुढच्या ऑगस्टात फितीवर
सकाळचे अकरा.
सतरा कण.
हाल्श्कानं वारा उलटा चालवला,
तर वारा चालेना. त्या दिवशी पान हललं नव्हतं.
तिनं काच पुसली, पुन्हा मोजले. सतराच.
मग नकाशा तसाच उघडा टाकून
ती जिना उतरली,
फाटकाबाहेर पडली, डावीकडे वळली,
बेकरीपुढून, दोनशे पावलं, फार तर तीनशे.

पेटीखाली तीन झाडं.
कमरेएवढी. तुऱ्यांवर पिवळी भुकटी.
“आपोआप उगवलंय,” बाबा म्हणाले,
हातात झारी,
“पाला किती नाजूक बघ,
दुष्काळात जगवलंय मी त्याला,”
आणि शिंकले.

डोळ्यात काहीतरी गेलं तिच्या.
कुसळ असेल. कुसळच असणार,
मुसळ कधी कुणाला आपलं सापडलंय?

दोन उपटली, मुळासकट.
तिसऱ्याचा तुरा उपटण्याआधी
खिशातल्या काचेवर झटकला, नमुना म्हणून.
चिठ्ठीवर तारीख लिहिली, वेळ लिहिली,
गावाच्या रकान्याशी
पेन थांबलं.
बाबा विचारत होते,
पाखरांनी आता खायचं काय.