दीडचा सुरुंग

कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी सूप ढवळत होते.
गुरुवार, म्हणजे वाटाण्याचं.
खाण घरांखाली आलीय, पत्रात लिहिलं होतं,
गाव तीन किलोमीटर पूर्वेला हलेल,
तुम्हांला दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट आहे.
खाली सही.
पेन उमटेना. ड्रॉवरमध्ये आणखी सतरा होती,
त्यांतलं एकही उमटेना.
तिथूनच सुरुवात झाली.

इल्वा माल्मोहून आली, रात्रीच्या गाडीनं,
येताना जाड मार्कर घेऊन.
खोक्यांवर लिहिलं: न्यायचं. द्यायचं. टाकायचं.
"आई, वस्तू हातात घे, आणि स्वतःला विचार,
वर्षभरात हिचा उपयोग झाला का?"
म्हटलं, वर्षभरात तुझ्या बापाचाही झाला नाही,
त्याला कुठल्या खोक्यात घालू?
ती हसली नाही.
मग हसली, नाक पुसत.

एक स्की.
जोडीतली दुसरी अठ्ठ्याहत्तर साली
नदीच्या बर्फाखाली गेली; हिल्डिंग थोडक्यात वाचला.
टाकायचं.
अकरा हातमोजे, सगळे डावे.
माणसं उजवेच हरवतात,
किल्ली शोधायला, कुणाला हात करायला
तोच मोजा आधी काढतात ना.
टाकायचं.
विकून टाकलेल्या टीव्हीचं माहितीपुस्तक.
कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली –
ती मी एप्रनच्या खिशात सरकवली.
घरच पाडणार म्हटल्यावर
बाकीच्या किल्ल्यांचं तरी काय वेगळं होणार होतं?

तळघरात क्लाउडबेरीच्या मुरांब्याची शेवटची बरणी.
त्याच्या अक्षरात फक्त साल.
बेरी कुठल्या दलदलीतून आणायचा ते कधी लिहिलं नाही,
मला सांगितलं नाही,
इस्पितळात विचारलं तर म्हणाला, खिडकी लाव, गार येतंय.
आम्ही दोघींनी ती बरणी जिन्यातच फोडली,
एकाच चमच्यानं, उभ्या उभ्या.
खाली राहिलं ते साखरेचे खडे नि बिया.
बरणी धुतली. द्यायच्या खोक्यात.
साल लिहिलेला कागद निघता निघेना,
म्हणून न्यायच्या.

राहता राहिली सासूबाईंची चौकट.
आमचं कधी पटलं नाही.
त्या फोटोतसुद्धा माझ्या पडद्यांकडे बघतात.
पण रोज रात्री दीडला खाणीत सुरुंग उडायचा,
कपाटातले कप किणकिणायचे,
आणि बाई भिंतीवर बोटभर कलायच्या.
सकाळी कॉफीआधी हिल्डिंग
अंगठ्यानं कोपरा वर ढकलायचा.
चाळीस वर्षं. तो गेल्यावर मी.
"ही?" इल्वानं विचारलं.
मी खांदे उडवले. तिनंच टॉवेलात गुंडाळून नेली.

नवं घर चांगलं आहे. उबदार आहे.
खाली खाण नाही, नुसता खडक.
सात रात्री मला दीडला जाग आली,
कप गप्प.
सात सकाळी सासूबाई सरळ,
टपालखात्यातल्या साहेबासारख्या.

आठव्या रात्री उठले, अनवाणीच,
दिवा न लावता
चौकट बोटभर तिरकी केली,
आणि झोपले.