पुढच्या भाडेकरूस

कपाटाच्या खालच्या खणात बुटांचं खोकं आहे.
बूट नाहीत. अकरा सिनेमे आहेत.
इथलं, डुलूथमधलं शेवटचं सीडीचं दुकान बंद झालं तेव्हा
मालक म्हणाला, पाच डॉलरला हातात मावतील तेवढे.
माझे हात लहान. मी स्वेटरचा ओचा केला.

हीटर खडखडतो, त्याला लाथ चालते.
प्लेअरचा ट्रे अडकतो, त्याला चालत नाही,
लोण्याची सुरी लागते. ती वरच ठेवली आहे.

आधी शिडीवाला बघा.
एक माणूस शेजाऱ्याची शिडी परत करायला निघतो
आणि शेजारी वारलेला असतो.
मग दीड तास शिडी खांद्यावर घेऊन तो गावभर फिरतो, झालं.
बँकेत, बसमध्ये, कुणाच्या तरी लग्नाच्या हॉलमध्ये.
कुणी काही विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.
पहिल्यांदा मी चाळिसाव्या मिनिटाला झोपले.
दुसऱ्यांदा संपल्यावर दिवा न लावता
कुणाचं काय आपल्याकडे राहिलंय ते आठवत बसले.
मिरजेच्या गोगट्यांची स्टोव्हची पिन.
स्टोव्ह गेले, गोगटे गेले, पिन आहे.

कोंबड्यांचा सोडून द्या.
दिग्दर्शक हुशार आहे, आणि त्याला ते माहीत आहे.

लिफ्टवाला गुरुवारी बघावा. का, ते सांगता येत नाही.
गावात एकच लिफ्ट, आणि ती दुरुस्त करायला नेमलेला एक माणूस.
ती बिघडतच नाही बिचारी.
शेवटी तिसऱ्या मजल्यावरची ग्रंथपाल
दाराच्या फटीत केसांचा आकडा खुपसते. त्याच्यासाठी.
सांगून टाकलं, चुकलंच.
पण हा कळल्यावरही बघता येतो,
पिठल्याची चव ठाऊक असते
म्हणून काय कुणी पानावरून उठतं?

खाली आर्डिस हॅग्लंड राहायची.
मी मोठ्याने हसले की झाडूचा दांडा छताला.
एका रात्री तीनदा ठोकलं. माफी मागायला गेले
तर म्हणाली, एवढं काय आहे ते दाखव तरी.

तेव्हा मिठागरातल्या दोन बहिणींचा लागला होता.
त्याची शेवटची वीस मिनिटं आवाज जातो, डिस्कवर ओरखडा आहे.
आर्डिसला कानांनी फारसं नव्हतंच, ती म्हणाली, थांब,
मला ओठ वाचता येतात.
आणि बोलत गेली. थोरलीचा आवाज जाड, धाकटीचा पातळ.
'तू गेलीस, पण मी दोरी आखूड नाही केली,
माझे कपडे एकाच टोकाला वाळत घालत राहिले.'
बाहेर बंदरात जहाजाचा भोंगा वाजला.
मी मनातल्या मनात मराठी करत होते
आणि नाक पुसत होते.

दोन वर्षांनी मिनियापोलिसच्या वाचनालयात
तोच सिनेमा धडधाकट सापडला.
बहिणी शेवटची वीस मिनिटं
भाड्याच्या ट्रकच्या डिपॉझिटवरून बोलतात.
अंडी कुणी आणायची, हेही येतं मध्ये.

आर्डिसला मी बोलले नाही.
तिने मला फसवलं असं म्हणवत नाही;
एवढंच आठवतं, त्या रात्री तिचा चष्मा
माझ्या ओट्यावर होता, चहाच्या पातेल्याशेजारी.
गेल्या फेब्रुवारीत तिची खोली रिकामी झाली.
झाडू अजून जिन्यात आहे, तो फेकू नका.

तर ओरखड्याचीच डिस्क लावा. चांगली शोधू नका.

उरलेल्या सातांबद्दल लिहायचं होतं,
पण ट्रकवाला खाली हॉर्न देतोय.
ही चिठ्ठी मराठीत आहे, कारण इंग्रजीत लिहायला घेतली
की 'छान आहे, जरूर बघा' याच्या पुढे माझं पेन जात नाही.
तुम्हाला वाचता येणार नाही बहुधा.
हरकत नाही. चष्मा असेल तर काढून ठेवा.

आणि सुरी हलक्या हाताने.